जिप्समच्या पोटातलं पाणी

नव्या फ्लॅटचं काम काढलं की ठेकेदाराचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘सीलिंग पीओपीचं करायचं की जिप्समचं?’ खरं तर दोन्हींचा माल एकच. पीओपी जाळीवर ओलं थापतात. जिप्समचा बोर्ड कारखान्यातून तयार, कोरडा येतो.

जिप्सम हे मऊ खनिज. आपल्याकडे ते मुख्यतः राजस्थानात, बिकानेर-नागौर भागात सापडतं. त्याच्या वजनाचा सुमारे एकपंचमांश भाग म्हणजे स्फटिकात अडकलेलं पाणी. दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि पीओपीची भुकटी उरते. तीत पाणी कालवलं की ती ते पुन्हा बांधून घेते आणि घट्ट होते. हाच लगदा दोन जाड कागदांमध्ये ओतला की बोर्ड तयार. अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट यांनी १८९४ मध्ये कागद आणि प्लॅस्टरच्या थरांच्या बोर्डाचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात मजूर मिळेनासे झाले, तेव्हा तिथे त्याचा खप वाढला.

सहा बाय चार फुटांच्या, साडेबारा मिलिमीटर जाडीच्या बोर्डात असं तीन-चार लिटर पाणी असतं. एरवी ते जाणवतही नाही. आग लागली की मात्र त्याची वाफ होऊ लागते आणि ते संपेपर्यंत बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही. घराबाहेर पडायला तेवढाच अवधी मिळतो.

बोर्डाची ताकद कागदात असते. कारागीर कटरने कागदावर रेघ मारतो, झटका देऊन बोर्ड मोडतो, मग मागचा कागद कापतो. पत्र्याच्या चौकटीवर तो वीतभर अंतराने स्क्रू मारतो. स्क्रूचं डोकं जेमतेम आत बसावं. कागद फाटला की पकड गेलीच. सांध्यांवर टेप लावून मग पुट्टी. टेपची बचत केली, तर तडे तिथेच जातात. पंखा मात्र बोर्डाला नव्हे, स्लॅबच्या हुकालाच टांगायचा.

आगीला पुरून उरणारा हा बोर्ड गळतीपुढे हात टेकतो. हिरव्या कागदाचा बोर्ड दमट हवा सोसतो, वरच्या मजल्यावरून झिरपणारं पाणी नाही. भिजला की तो फुगतो, खाली झुकतो. तेव्हा सीलिंगचं डिझाइन पसंत करण्याआधी एक पावसाळा स्लॅब नीट पाहून घ्या. ओल दिसली, तर आधी गळती काढा, बोर्ड नंतर.