देवनारच्या पोटातली आग

देवनारचा कचऱ्याचा डोंगर उपसण्यासाठी मुंबई महानगरपालिकेने २०२५ साली निविदा काढली. सुमारे १८५ लाख टन कचरा हलवायचा, असा हिशेब आहे. गिरगावच्या चाळींपासून लालबाग-परळच्या गल्ल्यांपर्यंत आपण सर्वांनीच १९२७ पासून या डोंगराला हातभार लावला; तेव्हा तो हलणार याचे समाधान आम्हांसही आहे. पण फावडे लावण्यापूर्वीच एक प्रश्न विचारला पाहिजे. या डोंगराच्या पोटात आग धुमसत असेल तर ती नेमकी कोठे, हे कोणी मोजणार आहे काय?

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनार पेटले, तेव्हाचा धूर वाचक विसरले नसतील. शाळांना सुट्टी द्यावी लागली. उपग्रहाच्या छायाचित्रांतही तो धूर दिसला. बंबांनी दिवसरात्र पाणी ओतले, आणि मार्चमध्ये पुन्हा तोच प्रकार! यात अग्निशमन दलाच्या जवानांना बोल लावणे अन्यायाचे होईल. कुजत्या कचऱ्यात मिथेन वायू तयार होतो, उष्णता कोंडून राहते आणि फटींतून हवा मिळाली की आत निखारा फुलतो. वरून ओतलेले पाणी आपल्या सोयीच्या वाटेने ओघळते; ते निखाऱ्यापर्यंत पोचेलच असे नाही. धूरही फसवा. तो भेगा शोधत वर येतो, त्यामुळे तो जेथे दिसतो त्याच्या खालीच आग असेल याची शाश्वती नसते.

झारखंडातील झरियाच्या कोळसा खाणींत अशाच पुरलेल्या आगीशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज चालू आहे. तेथे पहिली आग १९१६ साली नोंदली गेली, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी जमीन धुमसतेच आहे. अशी आग हुडकायची म्हणजे जमिनीत भोके पाडून आतले तापमान घ्यायचे, कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण तपासायचे, उपग्रहाकडून तापलेले पट्टे टिपून घ्यायचे. सापडली की चर खणून तिला वेगळे पाडायचे, मातीने किंवा वाळूने तिची हवा तोडायची, नाही तर जळता थरच उकरून बाहेर काढायचा. हा शेवटचा उपाय सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत धोक्याचाही, कारण उकरणे म्हणजे निखाऱ्याला वारा घालणे. देवनारला तर नेमके उकरण्याचेच काम आहे!

ठेकेदाराचे लक्ष टनांवर राहणार, हे स्वाभाविकच. तापमापकावरचे लक्ष पालिकेने स्वतःकडे ठेवावे. डोंगराचा प्रत्येक भाग उपसण्याआधी आतले तापमान व वायू मोजावेत, आणि ते आकडे गोवंडी-शिवाजीनगरच्या रहिवाशांना वाचता येतील अशा जागी रोजच्या रोज लावावेत. दादरला आपण खिडक्या लावून घेऊन दोन दिवस काढू शकतो. त्या वस्तीतल्या मुलांना तेवढीही सोय नाही.