चेंडू तोच, हवा वेगळी

फुटबॉलमधला स्ट्रायकर म्हणजे संघात सगळ्यात पुढे खेळणारा, गोल मारायची जबाबदारी अंगावर घेतलेला गडी. त्याचा पाय एका गावात ठरत नाही. यंदा या शहराचा क्लब, पुढच्या वर्षी तिसऱ्याच राज्याचा. धाराशिवच्या मुलामुलींनो, तुमच्याकडे मैदान म्हटलं की आधी खो-खोचे खांब डोळ्यांपुढे येतात. का येऊ नयेत? 2020 सालचा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे तुमच्याच जिल्ह्यातली! पण आज आपण जाऊ या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवच्या मागे मागे.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार अशी संघांची नावं. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिकडे लोटते. अशा गावात 2000 साली अनिकेत जन्मला. वडील रिक्षा चालवायचे. हा पोरगा चेंडूमागे धावत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत पोचला आणि 2017 मध्ये थेट 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत. ती स्पर्धा भारतातच झाली. आपला संघ तिन्ही सामने हरला, पण फुटबॉलच्या कुठल्याही विश्वचषकात भारतीय संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोव्यात बांबोळीच्या मैदानावर इंडियन ॲरोज संघाने चेन्नई सिटीला 3-0 असं हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे.

मग सुरू झाला प्रवास. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सराव (हा क्लब 2010 पासून आपल्या पुण्याच्या व्यंकीज कंपनीच्या मालकीचा आहे, बरं का!), मग जमशेदपूर, हैदराबाद, कोलकात्याचा ईस्ट बंगाल, ओडिशा. प्रत्येक ठिकाणी नवा प्रशिक्षक, नवी भाषा, नवं जेवण. हे सगळं कुणालाही दिसतं. मला मात्र जे दिसत नाही त्याची गंमत वाटते. गाव बदललं की हवा बदलते, आणि हवा बदलली की स्ट्रायकरचं शरीर आणि त्याचा चेंडू दोघंही निराळे वागू लागतात.

आधी शरीराचं बघू. मे महिन्यात तुमच्या घरातला माठ पाणी कसं गार करतो? पाणी माठातून पाझरतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. घामाचं अगदी तसंच. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. धाराशिवच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम झटकन वाळतो, म्हणून ऊन कडक असूनही शरीराची ही युक्ती चालते. कोलकात्यात ऊन तुमच्यापेक्षा कमी असेल, पण हवेत आधीच भरपूर बाष्प. घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. पाणी जातं, मीठ जातं आणि उष्णता मात्र आतच राहते! 90 मिनिटांत 10 किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या खेळाडूला हे फार जड जातं.

पण शरीर हुशार असतं. रोज उकाड्यात सराव केला की साधारण 10 ते 14 दिवसांत ते बदलतं. रक्तातला पातळ द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, आणि कमाल म्हणजे तो घाम कमी खारट होतो. मीठ वाया जाऊ नये म्हणून घामाच्या ग्रंथी ते वाटेतच परत शोषून घेतात. कुणी शिकवलेलं नसतं, हुकूमही दिलेला नसतो! म्हणून नव्या गावी गेलेल्या स्ट्रायकरचे पहिले दोन आठवडे फिके गेले तर त्याला नावं ठेवायची घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता चेंडू. नियमाप्रमाणे त्याचं वजन 410 ते 450 ग्रॅम, घेर 68 ते 70 सेंटिमीटर, मग सामना कुठेही असो. स्ट्रायकरचा बूट त्याला शिवतो जेमतेम सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता. तेवढ्यात सगळं ठरतं! बूट चेंडूच्या बरोबर मध्यावर न लागता बाजूला लागला, तर चेंडू गरगर फिरत निघतो. फिरता चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला ढकलतो आणि हवा त्याला उलट बाजूला ढकलते. त्याची वाट वाकडी होते. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला, म्हणून याला माग्नुस परिणाम म्हणतात. 1997 मध्ये ब्राझीलच्या रोबेर्तो कार्लोसने फ्रान्सविरुद्ध 35 मीटरवरून मारलेली फ्री किक अशीच वळली होती. चेंडू बाहेर जाणार म्हणून सगळे निर्धास्त, आणि तो गोलात!

म्हणजे वळवण्याचं काम हवा करते. मग हवाच विरळ असली तर? धाराशिव शहर बालाघाटच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून उंचावर आहे. तुमची हवा कोलकात्याच्या हवेपेक्षा किंचित विरळ. बोलिव्हियातलं ला पाझ तर 3,600 मीटर उंचीवर. तिथली हवा इतकी विरळ की चेंडू सुसाट जातो आणि वळतो कमी. पाहुण्या संघाचे फटके गोलावरून निघून जातात, शिवाय धाप लागते ती वेगळीच. ब्लॅकबर्नला आणखी तिसरीच तऱ्हा. तिथे पाऊस फार. ओल्या गवतावर घर्षण कमी, त्यामुळे जमिनीलगतचा पास अपेक्षेआधीच पायाशी येतो. बुटाला लांब खिळे लावले नाहीत तर वळताना पाय सटकतो.

एक प्रयोग तुम्हाला शाळेच्या मैदानावर करता येईल. वारा पडलेला असताना एक हलका प्लॅस्टिकचा चेंडू घ्या आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूने त्याच्या उजव्या अंगाला जोरात फटका मारा. तो डावीकडे वळेल. मग तोच फटका खऱ्या फुटबॉलला मारा. तो बराच कमी वळेल. हवेचा धक्का प्लॅस्टिकच्या हलक्या चेंडूला लगेच हलवतो, फुटबॉल मात्र जड आहे. आता चेंडूच्या डाव्या अंगाला, पायाच्या बाहेरच्या बाजूने मारून बघा. या वेळी तो कुठे वळेल, हे मारण्याआधी वहीत लिहून ठेवा.