५ गुणिले २५६

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागत तिथे आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ‘मुलं पळवणारे’ असल्याची हूल उठली आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच पसरलेली होती.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. मूळ फिल्म कराचीतली, पालकांना सावध करण्यासाठी केलेली. तिच्यात ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेची पाटी दाखवतात. हा शेवट कुणीतरी कापला. उरलेलं काम गुणाकाराने केलं.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात २५६ माणसं मावत आणि एकच मजकूर एका दमात अडीचशे ठिकाणी ढकलता येई. २५० गुणिले २५६, म्हणजे ६४ हजार. त्या प्रत्येकाने पुन्हा तेवढ्याच जणांना धाडला तर ४०९ कोटी ६० लाख. दोन फेऱ्यांत निम्म्याहून अधिक जग! अर्थात हा कागदावरचा हिशेब. तेच काका आणि त्याच मावश्या आपल्या दहा गटांत असतात. पण यंत्राने दिलेली मुभा एवढी होती.

राईनपाड्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, सरकारी नोटिशीच्या दबावाखाली, व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतापुरती फॉरवर्डची मर्यादा ५ वर आणत असल्याचं जाहीर केलं. जगात इतरत्र तेव्हा २०. पाच गुणिले २५६ म्हणजे १,२८०, आणि दुसऱ्या फेरीत सुमारे १६ लाख ३८ हजार. कुठे ४०९ कोटी, कुठे १६ लाख! एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असं केलं, तेव्हा असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं.

निरोप बंद पाकिटात असतात, आम्ही ते वाचूच शकत नाही, असं कंपनी म्हणते. खरंच आहे. पण ही मर्यादा घालायला एकही निरोप वाचायची गरज पडली नाही.

२०२२ मध्ये गटाची मर्यादा १,०२४ झाली. आता पाच गटांत मिळून ५,१२० माणसं. २० गुणिले २५६ चं उत्तरही नेमकं हेच होतं. आलेला फॉरवर्ड पुढे एका वेळी एकाच गटात, अशी अट कंपनीने सोबत घातली, हेही नोंदवायला हवं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ अशा कंपन्यांना ‘मध्यस्थ’ म्हणून अटींसह संरक्षण देतं. ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्यांना २०२१ च्या नियमांनी दरमहा अहवाल द्यायला लावलं, आणि सगळ्याच मध्यस्थांना आदेश आल्यापासून ३६ तासांत मजकूर काढायला लावलं. एक मजकूर एका दमात किती जणांपर्यंत जावा, यावर मात्र त्या नियमांत एक ओळही नाही. तो आकडा आजही कंपनीच ठरवते.