समुद्रपर्यटनास ऋतु कोणता निवडावा?

सुटी लागली कीं सहकुटुंब कोठें तरी जाऊन यावें, ही इच्छा आतां बहुतेक सुशिक्षित घरांत रुजली आहे. पूर्वीं यात्रा म्हटली म्हणजे काशी-रामेश्वर. हल्लीं मुलें-सुना समुद्रावर जाण्याचे बेत करितात. मुंबईहून गोवा व लक्षद्वीप येथें जाणारीं पर्यटन-जहाजें अलीकडे निघूं लागलीं आहेत, आणि कोचीहून लक्षद्वीपास जाणाऱ्या सरकारी बोटी तर आहेतच. बौधायनानें समुद्रयानाची गणना पातित्याच्या कारणांत केली होती. तो निर्बंध कालौघांत गळून पडला, हें योग्यच झालें. परंतु निसर्गाचा निर्बंध मात्र कायम आहे. भाडें किती, खोली कशी, जेवण शाकाहारी मिळेल कीं नाहीं, ह्याची चौकशी सारेच करितात. केव्हां जावें, हें मात्र केवळ सुटीच्या तारखा पाहून ठरतें. म्हणून ह्याच प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्या पश्चिम समुद्राचा स्वामी वारा आहे. ‘मोसम’ हा शब्दच अरबींतून आला, व त्याचा मूळ अर्थ ऋतु. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवास-पुस्तकांत आपल्या कल्याण बंदराचा उल्लेख आहे. त्या काळचे व्यापारी उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत नैर्ऋत्य वाऱ्यावर इकडे येत व हिंवाळ्यांत ईशान्य वाऱ्यावर परत जात. शिडें गेलीं, यंत्रें आलीं, तरी वाऱ्याचें वेळापत्रक तेंच आहे.

पावसाळ्याबद्दल फारसें सांगणें नको. नैर्ऋत्य वारे सामान्यतः १ जूनला केरळांत व ११ जूनच्या सुमारास मुंबईस पोंचतात, आणि मुंबईचा निरोप ८ ऑक्टोबरच्या सुमारास घेतात. कोंकणच्या आगबोटी चालत तेव्हां पावसाळ्यांत मुंबई-गोवा फेऱ्या बंद असत. आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते, आणि नारळीपौर्णिमेस सागराला नारळ अर्पण केल्यावांचून कोळीबांधव होडी लोटीत नाहींत. आषाढांतला समुद्र काय करूं शकतो, हें १७ जुलै १९४७ रोजीं दिसलें. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट त्या दिवशीं बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. अंतर अवघें कांहीं मैलांचें, आणि स्वातंत्र्य महिन्यावर आलेलें! अंतर थोडें आहे म्हणून समुद्र सौम्य होत नाहीं, हा त्यांतला बोध.

खरी अडचण पुढेंच आहे. पावसाळा टाळावा हें लहान मूलही सांगेल; परंतु पावसाळ्याच्या अलीकडचे व पलीकडचे महिनेही निर्धास्त नाहींत. अरबी समुद्रांत चक्रीवादळें मुख्यतः दोनदां होतात: मे-जूनमध्यें, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या आरंभापर्यंत. म्हणजे नेमक्या आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या व दिवाळीच्या सुटींत! १८८८ सालच्या नोव्हेंबरांत, दिवाळी नुकतीच आटोपली असतां, ‘वैतरणा’ ऊर्फ ‘विजळी’ ही आगबोट कच्छमांडवीहून मुंबईकडे निघाली ती सातशेंहून अधिक जिवांसह नाहींशी झाली. अलीकडचे दाखलेही थोडे नाहींत. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ आपल्या किनाऱ्यावर आलें; २०१७ च्या डिसेंबरारंभीं ‘ओखी’नें लक्षद्वीपास झोडपलें; मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ वादळांत मुंबईजवळच्या तेलक्षेत्रांतील निवासी तराफा बुडून अनेक कामगार मृत्युमुखीं पडले.

वाचकांनीं ह्यामुळें भयभीत व्हावें असा आमचा हेतु नाहीं. आजचीं जहाजें मोठीं व सुसज्ज असतात, आणि हवामानखातें वादळाची सूचना कांहीं दिवस आधीं देतें. परंतु सूचना मिळाली म्हणजे जहाज निघत नाहीं किंवा मार्ग बदलतें, आणि निघालेंच तर लाटांनीं आजी-आजोबांचे हाल होतात. लक्षद्वीपाची तर आणखी एक गोष्ट आहे. तेथील बेटांभोंवतीं पोंवळ्यांचे बांध असून आंतलें पाणी उथळ असतें. म्हणून पुष्कळ ठिकाणीं मोठें जहाज बाहेर थांबतें व प्रवाशांना लहान होड्यांत उतरावें लागतें. हेलकावणाऱ्या होडींत पाऊल टाकणें तरुणांस गंमत वाटेल. गुडघे धरलेल्या सासूबाईंस तें संकटच. समुद्र शांत नसेल तर बेट दुरूनच पाहावें लागतें.

मग उत्तम काळ कोणता? आमच्या मतें डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत, म्हणजे हेमंताचा उत्तरार्ध व सारा शिशिर. ह्या दिवसांत चक्रीवादळ क्वचितच होतें, आकाश निरभ्र असतें, आणि पहाटे जमिनीवरून वाहणारा मतलई वारा अंगास सुखावतो. लक्षद्वीप आठ ते बारा अक्षांशांमध्यें असल्यामुळें तेथें कडक थंडी नसतेच. भर जानेवारींतही पाणी पोहण्याजोगें उबदार असतें. एप्रिलांत समुद्र बहुधा शांत असला तरी उकाडा वृद्धांस सोसवत नाहीं.

ज्या घरांत शाळकरी मुलें आहेत त्यांनीं नाताळची सुटी धरावी. मात्र त्या आठवड्यांत गर्दी व भाडें दोन्ही अधिक, म्हणून जागा बऱ्याच आधीं राखून ठेवावी. ज्यांची मुलें शिकून मोठीं झालीं, त्या वडीलधाऱ्यांनीं जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडावा. उन्हाळ्याखेरीज गत्यंतरच नसेल तर परीक्षा आटोपतांच एप्रिलांत निघावें. मे महिन्याचा उत्तरार्ध सर्वथा वर्ज्य समजावा. दिवाळींत मात्र घरींच असावें. त्या सणाला घर भरलेलें असणें हेंच अधिक शोभतें.

आणखी चार सूचना. लक्षद्वीपास जाण्यास परवाना लागतो. तो आधींच मिळवावा. खोली जहाजाच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर घ्यावी. तेथें हेलकावे कमी जाणवतात. निघण्यापूर्वीं आहार हलका असावा, आणि आल्याचा पाक जवळ बाळगावा. वादळामुळें प्रवास रद्द झाल्यास पैसे परत मिळतात किंवा नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वींच लेखी विचारून घ्यावें, आणि परतीच्या तिकिटांत एक-दोन दिवसांची सवड ठेवावी.

शेवटीं एकच सांगणें. एकत्र कुटुंबांत बेत ठरतो तो बहुधा कमावत्या मुलाच्या रजेवरून. तसें न करितां प्रथम घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणसाकडे पाहावें, मग पंचांग पाहावें, आणि रजेचा अर्ज त्यानंतर लिहावा. रजा पुढें-मागें करतां येते. समुद्राचा ऋतु कोणासाठींही पुढें-मागें होत नाहीं.