डोंगर दिसतो ती जागा

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरात ग्रीन पॉइंटला उभं राहिलं, की एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला सिग्नल हिलचा उतार आणि त्यामागे टेबल माउंटनचा सपाट माथा दिसतो. २०१०च्या फुटबॉल विश्वचषकासाठी सुमारे ४४० कोटी रँड खर्चून याच जागी नवं स्टेडियम उभं राहिलं. बाहेरून काचतंतूंच्या जाळीचं रुपेरी आवरण, वर काचेचं छत. सकाळी ते पांढुरकं दिसतं, सूर्यास्ताला केशरी होतं. वास्तू सुंदर आहे, याबद्दल तिथे कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते जागेवरून.

मे २००४मध्ये दक्षिण आफ्रिकेला यजमानपद मिळालं, तेव्हा केप टाउनच्या वाट्याला न्यूलँड्सचं मैदान दाखवलं होतं. १८९०पासून तिथे रग्बी खेळली जात होती, साधारण पन्नास हजार लोक बसायची सोय तयार होती. थोडी डागडुजी केली की गटातले सामने आरामात झाले असते. पण न्यूलँड्स रग्बी संघटनेच्या मालकीचं, आणि दक्षिण आफ्रिकेत रग्बी गोऱ्यांची नि फुटबॉल काळ्यांचा अशी वाटणी वर्णभेदाच्या काळापासून पक्की झालेली. (केप प्रांतात ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, समाजाची रग्बीची परंपरा जुनी आहे, त्यामुळे ही वाटणी तिथे अगदी सरळ लागू पडत नाही.) फुटबॉलच्या नावानं येणारा पैसा फुटबॉलच्या वस्तीत का जाऊ नये, हा प्रश्न उठला आणि अ‍ॅथलोनचं नाव पुढे आलं.

अ‍ॅथलोन समजून घ्यायचं, तर थोडं मागे जावं लागतं. १९५०च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्यानं कुणी कुठे राहायचं ते कातडीच्या रंगावर ठरवलं. शहराच्या पोटातली डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ‘फक्त गोऱ्यांसाठी’ जाहीर झाली. पुढच्या काही वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसं तिथून उठवली गेली, घरांवर बुलडोझर फिरले. उठवलेल्यांना पाठवलं केप फ्लॅट्सला. हा डोंगरामागचा सपाट, रेताड, वाऱ्यानं झोडपलेला पट्टा. अ‍ॅथलोन या पट्ट्याच्या शहराकडच्या टोकाला येतं. पलीकडे लांगा, गुगुलेथु, नियांगा या काळ्या लोकांच्या वस्त्या. या हुसकावणीची झळ आपल्या कोकणातल्या माणसांनाही बसली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी भागातले मुसलमान पोट भरायला केप टाउनला जात होते. छोटी दुकानं, फेरीचा धंदा, पडेल ते काम, असं करत ते तिथे रुजले. कायद्यानं भारतीयांसाठी जी वस्ती आखून दिली, ती रायलँड्स, अ‍ॅथलोनला खेटूनच.

म्हणजे १९७२मध्ये उभं राहिलेलं अ‍ॅथलोन स्टेडियम अशा लोकांच्या मधोमध आहे, ज्यांना शहरातून हुसकलं गेलं आणि ज्यांचा खेळ फुटबॉल आहे. शहराच्या मध्यापासून ते दहाएक किलोमीटरवर, रेल्वे जवळ. विमानतळावरून शहरात येणारा एन-२ महामार्गही अ‍ॅथलोनला लागूनच जातो. मोठं स्टेडियम इथे आलं असतं, तर रस्ते सुधारले असते, दिवे आले असते, दुकानदारी वाढली असती. वर्णभेदानं शहराची जी घडी घातली होती, ती थोडी तरी मोडली असती.

पण फिफाच्या पाहणीनंतर पारडं ग्रीन पॉइंटकडे झुकलं. उपांत्य सामना हवा असेल, तर साठ हजारांच्या वर आसनं लागतात, हा फिफाचा नियम. ग्रीन पॉइंट घेतलं तर उपांत्य सामना, हा हिशेब शहराला भुरळ घालणारा होता. हॉटेलं जवळ, बंदर जवळ, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत समुद्र आणि डोंगर. आफ्रिकेतल्या फुटबॉलचे इतिहासकार पीटर अलेजी यांनी केप टाउन आणि डर्बनच्या स्टेडियमांमागच्या राजकारणावर लिहिलं आहे. त्यांच्या मांडणीचा रोख असा, की वस्त्यांच्या विकासाचा मुद्दा जगाला दिसणाऱ्या शहराच्या चेहऱ्यापुढे मागे पडला. मला ते पटतं. लग्नाचा मांडव कुठे शोभून दिसेल हे पाहून कुणी घर बांधत नाही; इथे नेमकं तेच झालं.

विरोध ग्रीन पॉइंटमधूनही झाला. तिथले सुखवस्तू रहिवासी आवाज, गर्दी आणि मोकळ्या माळाचं काय होणार या काळजीनं कोर्टकचेरीपर्यंत गेले. मार्च २००६मध्ये महापौर झालेल्या हेलन झिली यांनी पैसा कुठून येणार यावर बोट ठेवलं. शेवटी मोठा वाटा केंद्र सरकारनं उचलला, आणि मार्च २००७मध्ये काम सुरू झालं. अ‍ॅथलोनच्या वाट्याला सरावाचं मैदान म्हणून सुधारणा आल्या.

ग्रीन पॉइंटच्या बाजूनं सांगण्यासारखंही बरंच आहे, ते सांगितलंच पाहिजे. शहराच्या मध्यातल्या ग्रँड परेडपासून स्टेडियमपर्यंत अडीचएक किलोमीटरचा ‘फॅन वॉक’ आखला होता. मंडेला तुरुंगातून सुटले, त्या संध्याकाळी समोरच्या सिटी हॉलच्या सज्जातून ते बोलले, तीच ही ग्रँड परेड. विश्वचषकात या वाटेनं सगळ्या रंगांची माणसं वाजतगाजत चालत गेली. केप टाउनच्या रस्त्यांवर असं दृश्य विरळाच. आठ सामने झाले. जर्मनीनं अर्जेंटिनाला ४-० धूळ चारली ती इथेच. ‘मायसिटी’ बससेवेची सुरुवात त्याच निमित्तानं झाली आणि स्टेडियमशेजारी पुढे एक चांगलं सार्वजनिक उद्यानही झालं. अ‍ॅथलोनच्या आजूबाजूला घरं दाट आहेत, तिथे साठ हजारांचं स्टेडियम बसवणं सोपं नव्हतं, हेही खरं.

मात्र महिना सरला आणि हिशेबाची वही उघडली. स्टेडियम दीर्घ मुदतीनं चालवायला घेतलेल्या कंपन्यांच्या गटानं ऑक्टोबर २०१०मध्येच अंग काढून घेतलं. स्टेडियम ज्या माळावर उभं आहे तो सार्वजनिक वापरासाठी राखलेला, त्यामुळे दुकानं-कार्यालयं काढून भाडं मिळवण्यावर बंधनं. जादा आसनं काढून क्षमता पंचावन्न हजारांवर आणली, तरी स्थानिक फुटबॉल क्लबांच्या एरवीच्या सामन्यांना ती कितीतरी मोठी. कैझर चीफ्ससारखा नामांकित संघ आला तरच गर्दी. देखभालीची तूट वर्षानुवर्षं महापालिकेच्या, म्हणजे केप फ्लॅट्सच्या करदात्यांच्याही माथी. स्टेडियम पाडून टाका, अशीही मागणी झाली.

यातून वाट काढायची, तर रग्बीनं तिथे यायला हवं होतं. पण स्वतःच्या मालकीचं न्यूलँड्स सोडून पालिकेचा भाडेकरू व्हायला संघटना तयार नव्हती. ती दहा वर्षं अडून बसली आणि २०२१मध्ये, स्वतः आर्थिक अडचणीत आल्यावर, ग्रीन पॉइंटला गेली. शंभराहून जास्त वर्षांचं मैदान सोडणं तिलाही जड गेलं असणार. फुटबॉलसाठी बांधलेल्या स्टेडियमचा भार शेवटी रग्बीनं उचलला. केप टाउन सिटी हा फुटबॉल क्लब तिथेही खेळला आणि अ‍ॅथलोनलाही.

आणि फुटबॉलचा प्रेक्षक? लांगा, नियांगा, खायलित्शा, मिचेल्स प्लेन या वस्त्यांना शहराशी जोडणारी रेल्वेची सेंट्रल लाइन चोऱ्या, जाळपोळ आणि मोडतोड यांमुळे २०१९च्या अखेरीस बंद पडली. कोरोनाच्या टाळेबंदीत लोकांनी रुळांवरच झोपड्या उभारल्या. गाड्या पुन्हा टप्प्याटप्प्यानं सुरू व्हायला काही वर्षं गेली. रग्बी ग्रीन पॉइंटला मुक्कामाला आली तेव्हा खायलित्शाच्या माणसाला तिथला फुटबॉलचा सामना पाहायचा, तर आधी मिनीबस टॅक्सीनं शहरात, तिथून चालत किंवा दुसरी गाडी धरून स्टेडियमवर, आणि रात्री हेच उलट, तेही शेवटची टॅक्सी चुकली नाही तर.