विद्यापीठातली श्रद्धा आणि एक 'कारण'

विद्यापीठात श्रद्धेचं काय काम, असं आज आपण सहज विचारतो. ऑक्सफर्डमध्ये कित्येक पिढ्या प्रश्न उलटा होता: श्रद्धा नसेल तर तुमचं इथे काय काम? प्रवेश घ्यायचा तर इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. १८५४ साली पहिल्या पदवीपुरती ही अट गेली, आणि १८७१ च्या कायद्याने धर्मशास्त्र वगळता बाकीच्या पदव्या आणि बहुतेक पदंही खुली झाली. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं कवच निघालं. माझ्या मते तिच्या बौद्धिक आयुष्याला हे बरंच झालं.

असं का म्हणतो, ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमध्ये 'सॉक्रेटिक क्लब' निघाला. सी. एस. लुईस त्याचे अध्यक्ष. पद्धत साधी: एकाने निबंध वाचायचा, आणि शक्यतो विरुद्ध मताच्या माणसाने उत्तर द्यायचं. नास्तिकांना मुद्दाम बोलावत.

लुईस यांचं 'मिरॅकल्स' हे पुस्तक १९४७ मध्ये आलं. त्यातला एक युक्तिवाद असा: आपले सगळे विचार जर निव्वळ भौतिक कारणांनी घडत असतील, तर कुठलाच विचार खरा मानायला आधार उरत नाही, मग निसर्गवादही नाही.

२ फेब्रुवारी १९४८ ला एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी क्लबात यावर बोट ठेवलं. आता गंमत बघा, आपल्या मराठीत हा मुद्दा चटकन कळतो. 'तो बडबडतोय, कारण त्याला ताप आहे.' 'खाली पाऊस पडलाय, कारण रस्ता ओला आहे.' शब्द एकच, 'कारण'. पण पहिल्यात घटना कशी घडली ते सांगितलंय, दुसऱ्यात म्हणणं कशाच्या आधारावर आहे ते. विचार मेंदूत कसा उपजला हे कळलं, म्हणून त्याचा आधार खोटा ठरत नाही. लुईस यांनी या दोन गोष्टींची सरमिसळ केली होती.

आणि ॲन्स्कम कोण? नास्तिक नव्हेत, निष्ठावंत कॅथलिक! निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे म्हणून कच्चा युक्तिवाद त्यांनी चालवून घेतला नाही.

लुईस यांचा त्या संध्याकाळी धुव्वा उडाला, अशी आख्यायिका आहे. ॲन्स्कम यांना स्वतःला ती सभा तशी आठवत नव्हती. लुईस यांनी मात्र ते प्रकरण नव्याने लिहिलं, शीर्षकही बदललं. ते १९६० च्या आवृत्तीत आलं. १९८१ मध्ये ॲन्स्कम यांनी लिहिलं, की या पुनर्लेखनातून लुईस यांचा प्रामाणिकपणा दिसतो. नव्या प्रकरणावरही आक्षेप घेण्यासारखं बरंच आहे, हेही त्यांनी तिथेच नोंदवलं.