बोटीत बसणाऱ्या बाईचं लाईफ जॅकेट



सरदार सरोवराचं पाणी चढलं, तेव्हापासून अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या कितीतरी पाड्यांना बोटीशिवाय वाट नाही. दवाखाना, बाजार, लेकीचं सासर, सगळं पाण्यापलीकडे. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली आणि माणसं दगावली. म्हणून बचत गटातून लाईफ जॅकेट घेणार असाल, तर वयस्कर, अंगानं भरलेल्या, पोहता न येणाऱ्या बाईनं ते कसं निवडावं, हे आज बघू.

पहिली शंका ठरलेली: “मी ऐंशी किलोची, एवढंसं जॅकेट मला काय तरंगवणार?” विहिरीतून बादली ओढताना आठवा. पाण्यात असेपर्यंत ती हलकी लागते, बाहेर आली की दोराला ओढ बसते. आपल्या अंगाचंही तसंच. बुडालेल्या अंगाचा बहुतेक भार पाणीच पेलतं. जॅकेटचं काम आपलं तोंड पाण्यावर ठेवणं, एवढंच. शिवाय चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. तेव्हा वजनाचा संकोच नको.

आता जॅकेटवरची चिठ्ठी वाचा. त्यावर न्यूटनचा आकडा असतो. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो उचलण्याचा जोर. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, तेही काठाजवळ. आपण १०० किंवा त्याहून जास्त बघायचं. चिठ्ठीवर वजन आणि छातीचं मापही असतं. छाती साडी-पोलक्यावरून टेपनं मोजा.

मग घालून बघा. पदर आत खोचा, जॅकेट सगळ्या कपड्यांवरून घाला, सगळे पट्टे लावा. पट्टा पुरत नसेल तर मोठं माप मागा, उघडं जॅकेट घालून बसू नका. आता मैत्रिणीला खांद्याजवळ धरून ते वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं, तर ते सैल आहे. पाण्यात ते डोक्यातून निघून जाईल. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. लेकरांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, त्यांच्या वजनाचं वेगळं घ्या.

घरी आणल्यावर ते बसायला किंवा उशाला घेऊ नका, आतला फोम दबतो आणि जोर कमी होतो. ओलं झालं तर सावलीत वाळवा. शिवण उसवली किंवा बक्कल तुटलं, तर ते बदलाच. आणि बोटीत चढण्याआधी घाला. बोट कलंडल्यावर पट्टे लावायला वेळ मिळत नाही.

एक मात्र विसरू नका. जॅकेट अंगावर आहे म्हणून खचाखच भरलेल्या बोटीत चढू नका. अशा वेळी नावाड्याला म्हणा, “दादा, आम्ही पुढच्या फेरीला येतो.” गटातल्या चारजणी एकत्र थांबल्या, तर तोही ऐकतो.